विमानतळापासून पाच घरं

ती घटना आठवली की आजही माझ्या पोटऱ्या भरून येतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, फरारी माणसांच्या मागे बालाघाटच्या डोंगरात उपाशी फिरलो. पण एका दिवसात सगळ्यात जास्त चाललो ते एका आराधिणीच्या शब्दावर, आणि तेही मुंबईत. यात नाव कुणाचंच घेणार नाही. ज्यांची अब्रू एकदा माझ्या हातून चव्हाट्यावर आली, त्यांची पुन्हा आणण्यात अर्थ नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात येऊन थोडीच वर्षं झाली होती. उमरग्याच्या बाजूच्या एका ठाण्यावर मी नवा फौजदार होतो. कागदावर फौजदार, लोकांच्या तोंडी मात्र निजामाच्या काळचा ‘अमीनसाब’च. नवी वर्दी, नवा पट्टा आणि त्याहून नवी अक्कल. आपण माणूस बघताक्षणी ओळखतो, असं मला तेव्हा वाटायचं.

एका बुधवारी सकाळी जवळच्या गावचा एक सधन शेतकरी फिर्याद घेऊन आला. आदल्या दिवशी दुपारी घरची सगळी मंडळी रानात असताना त्याच्या बायकोची सोन्याच्या पुतळ्यांची माळ गेली होती. कुलूप फोडलेलं नव्हतं, पेटी उचकटलेली नव्हती. फिर्याद लिहून झाल्यावर त्याच्या धाकट्या भावाने मला ओसरीच्या टोकाला नेलं आणि आवाज दबका करून खबर दिली.

“साहेब, आमच्या घरात परकं कुणी येत न्हाय. मंगळवारी फकस्त आराधीण येती जोगव्याला. आन् ती कालपासनं गावात न्हाय.”

आमच्या भागात आराधीण माहीत नाही असा माणूस नाही. देवीच्या नावाने गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि मंगळवारी पाच घरी जोगवा. ही म्हातारी विधवा होती. ती ज्या पाच घरी जाई ती ठरलेली होती. रानात जाताना बायका उंबऱ्याशी सुपात पीठ ठेवून जात. ती येई, हाक देई, पीठ परडीत घेऊन पुढे जाई. मी शेतकऱ्याच्या बायकोला विचारलं, “मंगळवारी आराधीण आली होती?” ती म्हणाली, “आली व्हती की. सूप रिकामं व्हतं.” शेजारणीनेही तेच सांगितलं. दोघींचे जबाब घेतले, अंगठे उमटवले आणि आरोपी ठरला म्हणून मिशीला पीळ दिला.

शुक्रवारी दुपारी आराधीण हमरस्त्यावर एका ट्रकमधून उतरली आणि जमादाराने तिला थेट ठाण्यात आणलं. पाय सुजून भाकरीएवढे झालेले, पण चेहरा प्रसन्न. झडती झाली. माळ नव्हती. परडीचा पंचनामा झाला: पीठ, मूठभर तांदूळ, अर्धं खोबरं, हळदकुंकू, कागदात गुंडाळलेले साखरेचे चौकोनी खडे दोन. जमादार परडी जमिनीवर ठेवायला लागला तशी ती पहिल्यांदा ओरडली.

“भुईवर नगं! तुमच्या पाया पडते, पण परडी भुईवर नगं.”

परडी स्टुलावर गेली आणि मी चौकशीला बसलो.

“मावशी, मंगळवारी कुठं होतात?”

“म्हमईला.”

“मुंबईत कुठं?”

“इमान उतरतंय तिथं. तिथनं मंग हाटेलात गेले.”

जमादार खो-खो हसला. मलाही हसू आवरलं नाही. चोराने बहाणा करावा तर तो जरा गळ्याखाली उतरेल असा तरी करावा.

ती मात्र शांतपणे सांगत राहिली. उमरग्याच्या एका दवाखान्यात काही वर्षांपूर्वी एक गोरी डॉक्टरीण होती. तिने या म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते. पुढे ती डॉक्टरीण मायदेशी गेली. आता तिचं पत्र आलं, ते कंपाउंडरने वाचून दाखवलं: दुसऱ्या एका देशात कामाला जाताना मंगळवारी ती मुंबईला उतरणार होती, एकच दिवस. म्हातारीने तिची ओटी भरायचं बोललेलं होतं आणि ते राहून गेलं होतं. खण-नारळ घेतला, ट्रकवाल्याच्या हातापाया पडली आणि सोलापूर-पुण्यावरून मुंबई गाठली. सांताक्रूझच्या विमानतळावर सकाळी डॉक्टरीण तिला कठड्यापलीकडून दिसलीही. हाक ऐकू जाईना. विमान कंपनीच्या बसमध्ये उतारूंबरोबर बसून ती पार फोर्टातल्या हॉटेलकडे निघून गेली.

“मग तुम्ही कशानं गेलात?”

“चालत.”

“बसनं का नाही?”

“मंगळवार व्हता की, साहेब. परडी हातात घेतली की पाच घरं पुरी हुईपातुर गाडीत बसायचं न्हाय. आमच्या गुरुबाईनं घातलेला नेम हाय.”

मी म्हटलं, “वा, मावशी!” आणि कोठडीची किल्ली मागवली. तेव्हा तिचा चेहरा पडला. “आत टाका, त्येचं काय न्हाय,” ती म्हणाली. “पर चोर म्हनून नाव झालं तर कोन दारात हुबं करल? कवड्यांची माळ उतरावी लागंल मला. देवीम्होरं काय तोंड दावू?”

दुसऱ्या दिवशी तिला कोर्टापुढे न्यायचं होतं. सकाळी कागद लावताना मी पंचनामा पुन्हा वाचला आणि साखरेच्या खड्यांवर अडखळलो. आमच्या बाजारात साखर तागडीत मोजून मिळते. चौकोनी खडे, तेही एकेक कागदात बांधून? मुद्देमाल काढून कागद उलगडला. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत मुंबईच्या एका बड्या हॉटेलचं नाव छापलेलं होतं.

हॉटेलला तार केली. उत्तर आलं: असली बाई आमच्याकडे आलेली नाही, भिकाऱ्यांना आत सोडत नाहीत. वरिष्ठ म्हणाले, “झालं, कोर्टात चालान पाठव.” पण तो कागद मला झोपू देईना. हट्टाने परवानगी काढली, तिला कोर्टातून जामीन मिळू दिला आणि साध्या कपड्यांत मुंबई गाठली.

सांताक्रूझला पोचलो तेव्हा एक विमान उतरत होतं. एवढं मोठं धूड वरून येतं काय, जमिनीला टेकतं काय, आणि त्यातून माणसं हातात पिशव्या घेऊन उतरतात काय! मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. बाहेर उतारूंसाठी कंपनीची बस होती, टॅक्स्या होत्या. मला मात्र पायीच जायचं होतं, कारण दिवसभरात हे अंतर एक म्हातारी तोडू शकते का, हेच तर पाहायचं होतं. तिने मला रस्त्याचं एकही नाव सांगितलेलं नव्हतं. तिने सांगितलेल्या खुणा म्हणजे वाटेत जोगवा घालणाऱ्या चार बायका.

पहिली सापडली ती विमानतळाच्या कुंपणालगतच्या झोपडीत. तिथे झाडलोट करणारी बाई. “हो, आली होती ना! मीच बसवाल्याला हॉटेल विचारून दिलं. घरात तांदूळ होते, ते घातले परडीत.” आणि ती उठून माझ्याबरोबर मोठ्या रस्त्यापर्यंत आली. “तिलाही इथवर सोडलं होतं. आता सरळ माहीमपर्यंत जा.”

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे जोगवा घालणारी बाई आराधिणीला उंबऱ्यावरून वाटेला लावत नाही. चार पावलं सोबत जाते. म्हातारीने मुंबईत रस्ता विचारलाच नव्हता. तिने जोगवा मागितला होता, आणि बायकांनी तिला एकीच्या हातून दुसरीच्या वाटेवर सोपवलं होतं. माहीमला एका कोळणीने तिच्या सुजल्या पायांवर पाणी ओतलं होतं आणि परडीत हळदकुंकू घातलं होतं. दादरला एका पारशी म्हाताऱ्या बाईने, हे काय आहे ते न कळताही, अर्धं खोबरं दिलं होतं आणि काठी टेकत कोपऱ्यापर्यंत आली होती. भायखळ्याला चौथी बाई भेटली ती पोलीस लाइनीत, एका शिपायाची बायको. तिने ज्वारीचं पीठ घातलं होतं. “वारा घालून बसवलं, जेवा म्हटलं,” ती म्हणाली, “तर म्हणाली, अजून एक घर राहिलंय.”

मी तिशीचा गडी, कवायतीत तयार झालेला. भायखळ्याला माझ्या टाचांना फोड आले होते. नेम माझा नव्हता, बस समोरून जात होत्या, पण बसायची लाज वाटली. पंधरा-सोळा मैल चालून, संध्याकाळी लंगडत त्या हॉटेलसमोर उभा राहिलो तेव्हा दिव्यांनी झगमगलेली ती इमारत मला कैलासासारखी भासली.

मॅनेजरने हात झटकले. बाहेरचा दरवान कोकणातला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, खोटं कशाला बोलू? दिवेलागणीला आली. मी हुसकावली, तर समोरच्या फुटपाथवर उभी राहिली. तासभर. मग ती मडम फिरायला बाहेर पडली, म्हातारीला पाहिलं आणि किंचाळत रस्ता ओलांडून गेली. तिला हाताला धरून पायऱ्यांपर्यंत आणली. आणि सांगतो साहेब, एवढे बडे लोक येत-जात होते, ती मडम बूट काढून पायरीवर बसली आणि पदर नव्हता म्हणून रुमाल पसरून तिने ओटी घेतली. म्हातारीने परडी पुढे केली. मडमेला मराठी येत होतं. खिशात चाचपलं तर चहाच्या वेळची साखर निघाली. तीच घातली.”

पाचवं घर ते. मी त्या पायरीवर मटकन बसलो. माणसाच्या श्रद्धेपुढे आणि पायांपुढे मी आयुष्यात एवढा थक्क कधी झालो नाही.

उतारूंच्या नोंदीत डॉक्टरणीचं नाव आणि मंगळवारची तारीख मिळाली, दरवानाचा जबाब घेतला आणि परतलो. मग मला सुचायला हवं होतं ते सुचलं. गावातल्या इतर चार घरी गेलो, ज्या घरी आराधीण दर मंगळवारी येई. चौघींचं उत्तर एकच: “त्या मंगळवारी ती आलीच न्हाय. सूप संध्याकाळपातुर भरलेलंच व्हतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलं कुठं?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. शेतकऱ्याच्या बायकोने काय, शेजारणीने काय, आराधिणीला पाहिलंच नव्हतं. दर मंगळवारी येते, सूप रिकामं आहे, म्हणजे आली. मग ते एकच सूप रिकामं कुणी केलं? गोठ्यातल्या गड्याला विचारलं तेव्हा तो सहज बोलून गेला की त्या दिवशी बैलांच्या गव्हाणीत पीठ सांडलेलं होतं. आराधिणीकडे पहिलं बोट दाखवलं होतं ते धाकट्या भावाने; त्याच्यासमोर हे एवढंच मांडलं. खबर देणारा तो भाऊ घामाने निथळला, आणि माळ त्याच्याच कडब्याच्या गंजीतून निघाली.

या प्रकरणाने मला शिकवलं ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. माणसं डोळ्यांनी पाहिलेलं कमी सांगतात, सवयीने धरून चाललेलं जास्त. पुढची सगळी नोकरी मी साक्षीदाराला एक प्रश्न जास्त विचारला: स्वतः पाहिलंत का? त्या प्रश्नाने किती निरपराध माणसं कोठडीपासून वाचली, कोण जाणे. पण तो मला सुचला एका म्हातारीला कोठडीत घातल्यावर, हे विसरता येत नाही.

खटला तिच्यापुरता रद्द झाल्यावर परडी परत द्यायला मी स्वतः तिच्या घरी गेलो. दोन्ही हातांनी दिली. चुकलो म्हणून सांगितलं. मग न राहवून विचारलं, “मावशी, एवढं परकं शहर, एवढा रस्ता, ओळखीचं कुणी नाही. भीती नाही वाटली?”

तिने परडी देव्हाऱ्यापुढच्या पाटावर ठेवली.

“म्हमईत न्हाय वाटली,” ती म्हणाली. “हितं वाटली, साहेब. तुमच्या ठाण्यात.”