बहिणीचे पत्ते लावणार नाही

पत्तेवालीच्या हातात पहिल्यांदा भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते आले तेव्हा त्यातला एकही तिला ओळखता येत नव्हता. समोरची बाई मात्र ती पायताणापासून ओळखायची. त्याला कारण तिचा जुना धंदा.

नणंदेचं पार्लर होतं. पुढं खुर्च्या आणि आरसे, मागं सामानाची खोली. पत्तेवाली तिथं बायकांच्या भुवया कोरायची. गिऱ्हाईक मान मागं टाकून डोळे मिटायचं आणि हिनं दोऱ्याचं टोक दातात धरलं की त्याचं तोंड सुटायचं. हिच्या दातात दोरा, त्यामुळं हिला मध्ये बोलायची सोय नाही. न टोकता ऐकणारं माणूस मिळालं की लोक काय काय ओकतात! नवऱ्याचं घोरणं, जावेचा खवचटपणा, पोटातला गोळा, पोराचं लफडं. सगळं सांगून झालं की आरशात भुवई बघायची आणि हातपाय झाडून निघून जायचं.

गंमत पुढची. सांगितलेलं त्या विसरायच्या. पुढच्या खेपेला हिनं नुसतं विचारलं, "सासऱ्यांचा गुडघा काय म्हणतोय?" की बाई ताडकन उठून बसायची. "तुम्हाला कसं कळलं?"

परदेशी निघालेली एक पोरगी आवराआवर करताना चित्रांच्या पत्त्यांचा एक गठ्ठा पार्लरमध्ये टाकून गेली. नणंद वस्ताद. तिनं मागच्या खोलीला पडदा लावला, मेज मांडलं आणि भावजयीला आत बसवलं. तेव्हापासून तिचं नाव पडलं पत्तेवाली.

कामाची रीत साधी होती. टाच कुठल्या बाजूनं झिजलीय, पिशवी कशी धरलीय, नवऱ्याचं नाव काढल्यावर बाई कुठं बघते, एवढं टिपायचं. मग म्हणायचं, "तुम्ही सगळ्यांसाठी मर मर मरता, पण तुमची किंमत कुणाला नाही." याला आजवर एकीनंही नाही म्हटलं नव्हतं. नेम लागला की गिऱ्हाईक गावभर सांगायचं. चुकला तर आपण म्हणायचं, "अजून घडायचंय." आणि घोड्यावर बसलेला सांगाडा, म्हणजे मरणाचा पत्ता निघाला, तर हसून सांगायचं, "घाबरू नका, ही नवी सुरुवात." घाबरलेलं गिऱ्हाईक परत फिरकत नाही, म्हणून ही सुरुवात.

यात सगळ्यात जास्त फसली ती तिची सख्खी थोरली बहीण. कारण धाकटीनं हात बसवला तो ताईवरच. ताईच्या घरातली खडानखडा माहिती हिला, त्यामुळं नेम चुकायचा प्रश्नच नव्हता. बघता बघता अशी वेळ आली, की धाकटीला विचारल्याशिवाय ताई पलंगाची जागा बदलेना.

आणि त्या ताईच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरनं तपासलं, सुईनं तुकडा काढून बघितला आणि सांगितलं, कापून काढायला हवी, वेळ घालवू नका. ताई दवाखान्यातून तडक पार्लरमध्ये आली, मागं सून. पडदा बाजूला सारून ताई मेजासमोर बसली.

"लाव."

"काय लावू?"

"पत्ते. कापू का नको ते विचार."

पत्तेवालीनं गठ्ठा उचलला आणि मेजाच्या टोकाला सरकवला. "तुझ्या गाठीचे पत्ते मी लावणार नाही."

"का? मी काय परकी आहे?"

"परकी असतीस तरी लावले नसते. डॉक्टरनं सांगितलं ना? झालं तर मग."

"डॉक्टर कालपरवा भेटला. तुझे पत्ते किती वर्षांचे आहेत!"

सूनबाई शहाणी. तिनं मावससासूला दंडाला धरून पुढच्या खोलीत नेलं आणि कुजबुजली, "मावशी, एक पत्ता टाका ना. म्हणा, ऑपरेशन करा. तुमचं त्या ऐकतात. आमचं कोण ऐकतं?"

"आणि उद्या कोपऱ्यावरचा तो खड्यांच्या अंगठ्या देणारा ज्योतिषी म्हणाला, नका करू? मग? आज पत्त्यानं गेली तर उद्या पत्त्यानंच परत येईल. पुढं औषधं आहेत, केस गळतील, ओकाऱ्या होतील. दर खेपेला मी पत्ता टाकत बसू?"

"पण आत्ताची वेळ तर निभेल!"

"नाही म्हणजे नाही. तिला मी नादी लावलंय, मीच सोडवणार."

ती आत आली आणि उभ्या उभ्याच तिनं सुरू केलं. "ताई, ऐक. जावयाची बदली मी सांगितली होती ना? ती तूच मला सांगितली होतीस, भुवया करताना."

"मी? कधीच नाही!"

"धाकट्याला मुलगी होणार म्हणाले, ते?"

"ते तर अगदी खरं निघालं!"

"आधी मी मुलगा म्हणाले होते. ते तू विसरलीस."

ताईचं तोंड आंबट झालं. "तुला देणगी आहे. तूच कबूल करत नाहीस, तुझा स्वभावच तसला. लहानपणीसुद्धा चोरून खायचीस आणि नाही म्हणायचीस."

पडद्याबाहेर बेकरीवाली आपल्या वेळेची वाट बघत बसली होती, कोपरापर्यंत पीठ. दर आठवड्याला यायची. पत्तेवालीनं तिला आत बोलावलं, आपल्या खुर्चीत सुनेला बसवलं आणि तिच्या कानात चार वाक्यं सांगितली. सुनेनं जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता आणि बेकरीवालीला कधी पाहिलंही नव्हतं. तिनं कसेबसे तीन पत्ते मांडले, एक तर चक्क उलटा. घसा खाकरून म्हणाली, "तुम्ही सगळ्यांसाठी मर मर मरता, पण तुमची किंमत कुणाला नाही. एका जवळच्या माणसाशी तुमचं बोलणं तुटलंय. आणि एक गोष्ट तुम्ही कुणालाच सांगितली नाही."

बेकरीवालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "पोरी, पोरी! माझा भाऊ! तुला कसं गं दिसलं?"

"बघितलंस?" पत्तेवाली ताईकडं वळली. "हिला यातलं ओ की ठो कळत नाही. आता पटलं?"

ताई सुनेकडं डोळे फाडून बघत होती. "पटलं," ती म्हणाली. "म्हणजे हिच्यातही आहे! घरात एवढी चीज आणि मला पत्ता नाही! ऊठ गं बेकरीवाले. सूनबाई, माझे लाव."

पत्तेवालीनं कपाळावर हात मारला. सुनेला मात्र आयती संधी दिसली. कुठलाही पत्ता येवो, आपण म्हणायचं, ऑपरेशन करा. तिनं झटकन वरचा पत्ता उलटला.

घोड्यावरचा सांगाडा.

सुनेनं तो घाईघाईनं परत पालथा घातला. ताईला मात्र धंद्यातलं बोलणं पाठ होतं. तिचा चेहरा फुलला. "नवी सुरुवात! म्हणजे गाठ आपोआप जाणार. कापायची गरजच नाही. हो ना गं?" ती धाकटीकडं वळली. "तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

बेकरीवालीनंही मान डोलावली. "मलाही हाच आला होता. मावशी म्हणाल्या, नवी सुरुवात."

आता नुसतं हो म्हटलं की सगळ्या खूश होत्या. पार्लर चाललं असतं, बेकरीवाली पुढच्या आठवड्याला आली असती, आणि ताई गाठ घेऊन हसत घरी गेली असती.

"नाही," पत्तेवाली म्हणाली. "खोटं आहे ते. तुम्ही परत यावं म्हणून मी तसं सांगते. सांगाडा काढलाय ना? सांगाडा म्हणजे मरण."

नणंद पडद्यातून ओरडली, "अगं, काय बोलतेस! बाहेर गिऱ्हाइकं आहेत!"

"ऐकू दे त्यांना."

ताई पांढरीफटक पडली. "म्हणजे मी मरणार?"

"पुठ्ठ्याच्या तुकड्यानं कुणी मरत नाही. गाठीनं मरतात. आणि तू भित्री आहेस, डॉक्टरच्या सुरीला भितेस. पत्ते कसले लावतेस? पळायला वाट शोधतेस. तुझ्यानं होणार नाही ते."

बस्स. थोरल्या बहिणीला भित्री म्हणायचं, तेही सुनेसमोर आणि एका पीठवालीसमोर! ताई उठली तशी खुर्चीच आडवी झाली.

"मी भित्री? भुताला घाबरून माझ्या पांघरुणात कोण शिरायचं गं? तोंड वर करून मला सांगतेस! चल सूनबाई, त्या डॉक्टरला सांग, उद्याच काप म्हणावं. हिच्या नाकावर टिच्चून जगून दाखवते. आणि तू, भवाने, तिकडं पाऊल टाकू नकोस!"

"टाकणार."

"तंगडं तोडीन!"

"तोड. पण आधी उद्या जा."

पार्लरमधून तरातरा गेली ती. पत्तेवालीनं पत्ते त्याच दिवशी कायमचे बंद केले. अर्धी गर्दी पत्त्यांमुळंच होती म्हणून नणंद महिनाभर फुगून बसली. हिनं ढुंकून पाहिलं नाही, पुन्हा दातात दोरा धरून भुवया कोरू लागली.

गाठ वाईटच निघाली. वेळेवर काढली, डॉक्टर म्हणाले, पण पुढची औषधं चुकवायची नाहीत. पत्तेवाली दवाखान्यात पोचली तेव्हा ताई उशीला टेकून, एका बाजूला पट्ट्या घेऊन, आजूबाजूच्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात रंगात आली होती.

"... तिनं पत्त्यात मरण बघितलं बायांनो, आणि मला शिव्या देऊन इकडं हाकललं! कुणी दुसरी असती तर गोड बोलून घरी बसवली असती. अशी बघणारी या मुलखात नाही. ही बघा, आलीच!"

"खोटं आहे ते," पत्तेवाली दारातूनच कडाडली. "मला काही दिसत नाही. त्या दिवशीही दिसलं नव्हतं."

"बघा," ताई शेजारणीला म्हणाली, "कबूलच करत नाही. खरी माणसं अशीच असतात."

"ताई, तुझ्या जिभेलाही एक गाठ मारायला हवी होती!"

बायका हसल्या, पण पलीकडच्या खाटेवरच्या एका तरुण बाईनं हात पांघरुणाबाहेर काढला आणि तळवा उघडून तिच्यापुढं धरला. "माझं बघा ना. माझंही उद्या आहे. करू का पळून जाऊ?"

पत्तेवालीनं तो तळवा मिटवला आणि हात परत पांघरुणात घातला. मग खाटेशेजारचं स्टूल ओढून ती बसली. "हातात काही नसतं. डॉक्टर काय म्हणाला ते सांग. मला समजलं नाही तर दोघी जाऊन त्याला परत विचारू."