लेआर्कोचं वजन

आर्जिया बोन्फात्तीच्या नवऱ्याने तिला जन्मात कधी फसवलं नाही, असं ती स्वतः सांगते. मी तिची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. मला विचाराल तर त्याची दुसरी होतीच. तिच्या भेटीला तो रविवारी दुपारी गळ्यात पिवळा-हिरवा मफलर गुंडाळून, सगळ्या गल्लीदेखत जायचा. ती म्हणजे आमच्या पोन्तेव्होल्पे गावाचा फुटबॉल संघ.

आर्जिया टोमॅटोच्या कारखान्यात डबे भरायला होती, नवरा लेआर्को तिथेच बॉयलरवर. लग्न रविवारी ठरत होतं, ते यानेच हट्टाने सोमवारवर नेलं. पोरगी झाली तेव्हा आर्जियाचा हात माझ्या आईने धरला होता. बाप संध्याकाळी दवाखान्यात आला आणि दारातून पहिला शब्द बोलला तो "हरलो". मग पाळण्याकडे बघून म्हणाला, "बरं, ही तरी आली."

एक मात्र मानायला हवं. सामना संपला की हा सरळ घरी. वाटेत कोणी वाईनचा ग्लास पुढे केला तरी थांबायचा नाही. मफलर खुंटीला लावायचा, चिरूट विझवायचा आणि टेबलाशी बसायचा. आर्जिया दुपारभर एकटीने सारण भरून वळलेल्या तोर्तेल्लीनीचं सूप त्याच्या पुढ्यात ठेवायची. दुपारभराचा राग त्या कणकेवर निघालेला असायचा, म्हणूनच तिची कणीक आमच्या गल्लीत सगळ्यांत पातळ लाटलेली.

तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. तिने दफनभूमीच्या भिंतीत दोघांना पुरेल असा कप्पा घेऊन ठेवला होता, वर एकच संगमरवरी फरशी.

"तिथे रविवार नसतो, ओरिएत्ता," ती मला म्हणायची. "तिथून कुठे जाईल?"

आणि मग आमचा संघ 'सेरी आ'मध्ये चढला. देशातल्या सगळ्यांत वरच्या वर्गात, पहिल्यांदाच. म्हातारी माणसं चौकात रडली. लेआर्कोने मैदानाच्या पूर्वेकडच्या सज्जातली आपली नेहमीची खुर्ची वर्षभरासाठी पुन्हा घेतली, आणि पहिल्या सामन्याच्या आधीच परसात टोमॅटोला पाणी घालता घालता आडवा झाला. जन्मभर ज्या दाराशी उभा राहिला ते उघडलं, आणि हा उंबऱ्यातच कोसळला.

जाळून टाका, ही त्याचीच इच्छा होती. शहरातून आर्जियाला जस्ताचा कलश मिळाला, झाकण कथलाचा डाग देऊन बंद केलेलं, वर नगरपालिकेचं शिशाचं सील. कप्पा बंद करायला वाल्दो गवंडी रविवारी दुपारी येतो म्हणाला. आर्जिया काळे कपडे घालून, नवरा बाजाराच्या पिशवीत घेऊन सायप्रसच्या झाडांखाली उभी राहिली. वाल्दोचा पत्ता नाही. तो कुठे असणार हे तिला कळायला वेळ लागला नाही. ज्या मैदानात तिने कधी पाय ठेवला नव्हता तिथे ती तरातरा चालत गेली.

"वाल्दो कुठाय? माझा नवरा हातात धरून मी काय संध्याकाळपर्यंत उभी राहू?"

सज्जाचा पुढारी म्हणजे ओद्दोने खाटीक. त्याने पिशवीत डोकावलं आणि टोपी काढली. "सिन्योरा आर्जिया, त्याची खुर्ची रिकामीच आहे हो. जरा टेकवा त्याला. सामना संपला की वाल्दोला मी मानगूट धरून आणतो."

कलशाला मफलर गुंडाळला आणि लेआर्कोला त्याच्या खुर्चीवर ठेवलं. तोवर आम्ही एकजात सगळे सामने हरलो होतो. त्या दिवशी उत्तरेतला एक बडा संघ आला होता, आणि आम्ही त्याला दोन गोलांनी लोळवलं.

आता आमच्या लोकांची तऱ्हा माहीत असायला हवी. जिंकलो त्या दिवशी जे जे झालं ते ते पुढच्या वेळी तसंच्या तसं व्हायलाच हवं. ओद्दोनेने त्या दिवशीचा स्वेटर मे महिन्यापर्यंत धुतला नाही. त्याच्या दुकानात जाताना आम्ही आधी श्वास भरून घ्यायचो. पाद्रीबुवांची गाडी त्या दिवशी उलटी लागली होती, ती वर्षभर उलटीच लागली. आणि 'आपण वरच्या वर्गात टिकणार' हे शब्द कोणी चुकून बोललाच, तर अख्खा बार खिशातल्या किल्ल्या चाचपायचा, लोखंडाला हात लागावा म्हणून.

सोमवारी सकाळी ओद्दोने चांगलं हातभर लांब सलामी सॉसेज घेऊन आर्जियाच्या दारात.

"फक्त नशीब फिरेपर्यंत, सिन्योरा."

"आणि कप्पा?"

"कप्पा कुठे पळतोय? लेआर्को असता तर काय म्हणाला असता?"

लेआर्को काय म्हणाला असता हे आर्जियाला चांगलंच ठाऊक होतं, तीच तर पंचाईत. तिने होकार दिला. मी तिला चिडवलंही, "अगं, जिवंतपणी त्याच्याबरोबर एकदा गेली नाहीस, आणि आता बघ, हातात हात घालून!" ती हसली. शरदात आम्ही मजेत होतो. घरच्या मैदानावर कलश असला की आम्ही हरत नव्हतो.

कलशात काहीतरी होतंय हे तिच्या लक्षात आलं ते धूळ पुसताना. ती भिंतीवर ठोकून मला बोलवायची, तशी तिने बोलावलं.

"उचल जरा."

उचलला. "मग?"

"आणला तेव्हा मक्याच्या पिठाच्या पिशवीपेक्षा जड होता. आता पिशवी जड आहे."

मी म्हटलं पोरांनी ताईत करायला चिमूट चिमूट राख लांबवली असेल. आमच्या सज्जातल्या लोकांचा काही भरवसा नाही. भिंग आणून सील पाहिलं. शाबूत. डाग कुठे उचकटलेला नाही. कलश हलवला तर आत वाळू सरकावी तसा आवाज आला, आणि का कोण जाणे, मी तो घाईने खाली ठेवला. त्याला चिरुटाचा वास येत होता, आणि तो ताजा होता.

डिसेंबरात आर्जिया तापाने पडली, कलश घरी राहिला, आणि आम्ही घरच्या मैदानात चार गोल खाल्ले. त्यानंतर नाही म्हणायची सोयच उरली नाही. बारमध्ये तिच्या कॉफीचे पैसे कोणी घेईना, गल्लीत तिच्यासमोर सगळे जरा जास्तच हळू बोलायला लागले. तिच्या घरासमोरून जाताना लोक खिडकीकडे बघायचे, आत तो आहे ना, याची खात्री करत.

आणि मग जानेवारीतला तो धुक्याचा सामना.

आमच्याकडचं धुकं नदीवरून उठतं आणि हिवाळाभर हलत नाही. त्या दिवशी सज्जातून पलीकडचा गोल दिसत नव्हता. नुसते आवाज येत होते, चेंडूचे, बुटांचे. सामना बरोबरीत संपत आला होता. मी आर्जियाशेजारी होते आणि आमच्या मध्ये खुर्चीवर कलश. एवढ्यात शिट्टी वाजली. आखूड, दोन सुरांची, दातांतून काढलेली.

सज्जातल्या एकूण एक माणसाला ती शिट्टी ठाऊक होती. समोरच्या संघाच्या कोणी पंचांचा डोळा चुकवला की लेआर्को ती वाजवायचा. धुक्यात त्यांच्या बचावपटूंना वाटलं पंचांनीच वाजवली, ते थांबले. आमचा पोरगा थांबला नाही. गोल झाला. तेव्हा सज्जात कोणी ओरडलं नाही, हे मी आजही विसरलेली नाही. पलीकडच्या सज्जात जल्लोष चालला होता आणि आमची माणसं एकेक करून मान वळवून त्या खुर्चीकडे बघत होती.

ओद्दोनेने टोपी काढली, मग पुन्हा घातली. "ज्याने वाजवली त्याला माझ्याकडून एक ग्लास," तो म्हणाला. कोणी हात वर केला नाही.

घरी जाताना पिशवी आर्जियाच्या हातात झुलत होती. ती दारात थांबली. "ओरिएत्ता, तो जातोय गं. थोडा थोडा करून त्यांना देतोय स्वतःला. शेवटी मी काय रिकाम्या डब्याशेजारी पडू?"

मी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि दार उघडून दिलं.

वसंत आला, धुकं गेलं. गुण वाढत होते, कलश हलका होत होता. मे महिन्यात मोसमातला शेवटचा सामना उरला, घरच्या मैदानावर. टिकायला एक गुण हवा, बरोबरी पुरे. आणि कलशात आता हलवलं तर जेमतेम मूठभर काहीतरी कुजबुजायचं.

शनिवारी ओद्दोने आला, स्वेटरसकट. आल्या आल्या गुडघ्यावर बसला.

"सिन्योरा, शेवटचा. मग मी स्वतः खांद्यावरून नेतो त्याला कप्प्यात. वाजत गाजत."

"काय नेशील, ओद्दोने? उरेल का काही?"

"अहो, तुम्ही म्हणता तसं काही नसतं. राख कुठे जाते होय?"

"मग तिच्यावाचून जिंकाल तुम्ही."

ओद्दोनेचा हात खिशात गेला. किल्ल्या वाजल्या.

आर्जियाने त्याला दंडाला धरून उठवलं. "बरं. उद्या तूच घेऊन जा त्याला. माझे गुडघे दुखतात."

तो गेल्यावर आम्ही दोघींनी लोणच्याच्या जुन्या बरणीत मक्याचं पीठ ठासून भरलं आणि वर लेआर्कोचा मफलर घट्ट शिवून टाकला. टाके माझे, शिवण माझी पहिल्यापासून चांगली. रविवारी ओद्दोनेने ती दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आज जड लागतोय! तयारीत आलाय गडी!" मी घाईने खोकले, नाहीतर हसू फुटलं असतं.

वाल्दोला आर्जियाने आदल्या दिवशीच गाठलं होतं. "त्या रविवारी तू आला असतास तर हे काही झालंच नसतं. उद्या नाही आलास तर मेल्यावर मी तुझ्या सज्जात येऊन बसेन." वाल्दो आला. खिशात छोटा रेडिओ, चेहरा स्वतःच्याच मयताला आल्यासारखा.

सगळं गाव मैदानात. दफनभूमीत आम्ही तिघं, ऊन आणि सायप्रस. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. अशा ठिकाणी मैदानाचा आवाज लांबून येतो, आणि गोल आपला की दुसऱ्यांचा हे आम्हाला रेडिओ सांगायच्या आधीच कळतं. आपला असला की गर्जना. त्यांचा असला की एकदम शांतता, आणि तिच्या एका कोपऱ्यात बारीकसं ओरडणं.

शांतता झाली.

"गेलो आपण," वाल्दो थापी हातात धरून म्हणाला.

"गिलावा कालव," आर्जिया म्हणाली.

सामना संपत आला तेव्हा कप्पा तयार झाला होता. ती बाकावरून उठली, कलश छातीशी धरून दोन पावलं चालली आणि थांबली. चेहरा असा, की हातातून कोणी मूल काढून घेतलंय.

"ओरिएत्ता, हा धर."

मी धरला. नुसतं जस्त. हलवला. आत काही नाही, कुजबुजही नाही. सील शाबूत.

आणि वाल्दोच्या खिशातला रेडिओ ओरडत होता, "बचावपटू थांबले! का थांबले? पंचांनी शिट्टी वाजवलेलीच नाही, मी पंचांकडेच बघतोय, शिट्टी वाजलेली नाही..." पुढचं ऐकू आलं नाही. गावावरून गर्जना उठली आणि सायप्रसमधली कबुतरं उडाली.

वाल्दोने छातीवर क्रूस काढला. आनंदाने की भीतीने, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मला वाटलं आर्जिया आता खाली बसेल, रडेल. तिने कलश माझ्याकडून घेऊन बाकावर ठेवला, पदराच्या टोकाने खेळावं तशी शालीची कड चाळवली, आणि वाल्दोला म्हणाली, "गिलावा आत्ता लावू नकोस. ओला राहू दे."

"सिन्योरा, यात तर काही..."

"सामना संपू दे. येतो तो."

आम्ही बसलो. शेवटची शिट्टी झाली, गाड्यांचे भोंगे, मग देवळाच्या घंटा. आम्ही टिकलो होतो. वाल्दोला पळत जावंसं वाटत होतं, पण तो फाटकाकडे पाठ करायलाही धजत नव्हता. मैदानापासून आमच्या गल्लीपर्यंत लेआर्कोला चालायला जेवढा वेळ लागायचा तेवढा गेला असेल. वारा नव्हता. चिरुटाचा वास आला. आणि आम्ही बसलो होतो त्या बाकाची फळी पलीकडच्या टोकाला करकरली, जसं कोणी टेकलं.

"आता उचल," आर्जिया म्हणाली.

वाल्दोने एक हात घातला. मग दुसरा. मग गुडघे वाकवले. "आई गं! शिसं भरलंय का यात?"

कलशाच्या बुडाला गवताची एक पात चिकटली होती, ओली, टोकाला सरळ कापलेली, मैदानावरची असते तशी. आर्जियाने ती नखाने काढली. "पाय पुसून ये म्हणून किती वर्षं सांगतेय," ती म्हणाली, आणि मग मात्र रडली.

फरशी बसली. संध्याकाळी ओद्दोने बरणी परत घेऊन आला, हसत, रडत, घामाने चिंब. आर्जियाने मफलर उसवून खुंटीला लावला आणि ओद्दोनेच्या देखत आतल्या पिठाची पोलेंता, म्हणजे मक्याची घट्ट उकड, शिजवायला घेतली. तो आधी पांढरा पडला, मग लाल झाला, मग त्याने दोनदा वाढून घेतली.

"मग तो होता कुठे, सिन्योरा?"

"खा गुपचूप," मी म्हटलं.

आता दुसरा मोसम चालू आहे आणि खुर्ची रिकामीच ठेवतात, तिच्यावर काही ठेवत नाहीत. आर्जिया फुलं घेऊन दफनभूमीत जाते ती दर सोमवारी. बाकीच्या विधवा रविवारी जातात, म्हणून मी तिला एकदा टोमणा मारला, "काय गं, रविवारी कोणी दुसरा येतो की काय भेटायला?"

ती कणीक लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "रविवारी जाऊन काय करू? घरी नसतो तो."