उंच केलेली जीप आणि डाळिंबाचं कॅरेट

ग्रुपवरच्या समस्त जीपवाल्या दादांनो, हे मी रागातच लिहितेय.

तुमचं ऐकून माझ्या नवऱ्याने जीपला लिफ्ट किट बसवलं. गाडी उंच झाली, टायर मोठे आले. वरकुट्यात आमच्या शेताच्या बांधापर्यंत डांबरी रस्ता आहे, तरीही.

तेव्हापासून माझ्या सासूबाई डाळिंबाचं कॅरेट पालथं घालून, त्यावर पाय ठेवून गाडीत चढतात. ते कॅरेट कायम डिकीत असतं.

आज निमगाव केतकीचा बाजार उरकून आम्ही तिघं निघालो. डिकी उघडली तर कॅरेट नाही.

"सकाळी तुमी बाजारात उतरल्यावर डिकी उघडून फोटो काढला, तवा बाहेर काढलं हुतं. तिथंच ऱ्हायलं," नवरा म्हणाला. "फोटोत बरं दिसत न्हाय ते."

सासूबाईंनी दाराला धरून पाय उचलून बघितला. गुडघा वर जाईना. भाजीवाल्या बायका बघायला लागल्या. त्यात हा म्हणतो, "आई, जरा जोर लाव की."

त्यांनी दार सोडलं. "तू पोटात असताना बी मी बैलगाडीत चढत हुते. हिच्यात न्हाय चढायची आता."

आणि सरळ वडापच्या, म्हणजे सीटवर माणसं भरून नेणाऱ्या, रिक्षात जाऊन बसल्या. पिशव्या घेऊन मीही. घरापर्यंत रिकामी जीप आमच्या मागून येत होती.

सकाळचा तो फोटो याच ग्रुपवर आहे. खाली एका दादांनी लिहिलंय, "भाऊ, अजून दोन इंच उचला."

दादा, तुमची आई कशी चढते तुमच्या गाडीत? तो फोटो टाका आधी.