सुमनकाकूंची माहेरची वाटी

गेल्या शनिवारपर्यंत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. मी एका बाईची वस्तू सहा वर्षं लपवून ठेवली — आणि ती शोधायचं नाटक तिच्याच डोळ्यांदेखत केलं.

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, आमच्या घराजवळच्या पार्कात मी दर रविवारी मेटल डिटेक्टर फिरवतो. सापडतात ती बाटल्यांची झाकणं, कधी एखादं क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं. पण कानात तो आवाज आला की आजही माझा श्वास थांबतो. पायाखाली काहीतरी आहे, आणि ते फक्त मला कळलंय — असं आणखी कुठे वाटतं आपल्याला? मला तरी नाही. ऑफिसात तर नाहीच.

सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्याच पार्कात, महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला सुमनकाकूंचं मंगळसूत्र वाढलं — तुटलं म्हणायचं नसतं. काळे मणी सगळ्यांनी मिळून वेचले. एक वाटीही मिळाली. दुसरी, माहेरची, काकूंच्या आईने घडवलेली — ती नाही. तीन आठवड्यांनी त्यांना माझ्या मशीनचं कळलं. "बघशील का रे?" एवढंच म्हणाल्या.

पहिल्याच रविवारी सापडली. मेपलच्या बुंध्याशी, बोटाच्या पेराइतकी खोल. आत माती भरलेली, कडीतून गवताचं केसासारखं मूळ गेलेलं. अंगठ्याने पुसली, तर — काय सांगू? जमिनीतून निघालेलं सगळं मी काळवंडलेलं, गंजलेलंच पाहिलं होतं. ही लखलखली. मी गुडघ्यांवर बसून राहिलो. देवळात कधी बसलो नाही तसा.

एक दिवस माझ्याकडे राहू दे, म्हटलं. एकच. माझं पहिलं सोनं होतं ते. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला आणि तोंडातून निघून गेलं — "नाही हो काकू, अजून नाही." 'अजून' म्हटल्यावर शोधत राहणं आलं. पुढचे चार रविवार मी रिकाम्या जमिनीवर मशीन फिरवलं. काकू बाकावर बसून बघायच्या. काका चिडवायचे, "काय पुरातत्त्व खातं, आज तरी हडप्पा लागलं का?" काकू माझ्यासाठी थालीपीठं आणायच्या. मी ती खाल्ली. लोण्यासकट खाल्ली.

शेवटी त्यांनी ओक ट्री रोडवरच्या देशी सोनाराकडून नवी वाटी करवून घेतली. आणि मी? कपाटातला डबा उघडून जुनीकडे बघत राहिलो — भारावून. दुसऱ्याच्या आईच्या वस्तूकडे.

शेवटी तसं बघवेना, म्हणून गेल्या शनिवारी नेऊन दिली. मनात वाक्य तयार होतं, "परवाच सापडली, बघा!" किती सोपं होतं! काकूंनी वाटी हातात घेतली, काठावरून अंगठा फिरवला आणि एका खोलगट जागी थांबल्या. "हा रोहनचा दात," म्हणाल्या. "दात येत होते ना, सारखी चावायचा मेला." त्यांचा मुलगा रोहन आता पस्तिशीचा आहे. ती खाच मी सहा वर्षं भिंगाखाली पाहिली होती. मला वाटायचं, सोनाराचा हात चुकला असेल.

काकूंचा अंगठा तिथून हलत नव्हता. माझं तयार वाक्य मी सोडून दिलं.

"कुठे होती रे?"

"माझ्याकडे," मी म्हणालो. "पहिल्याच रविवारी सापडली होती, काकू. मी खोटं बोललो, आणि तुमच्यासमोर शोधत राहिलो. माझं चुकलं."