अंधारमावशीची शेवंती

उन्हाळ्यात संध्याकाळचा चहा झाला की अंधारमावशी बाह्या सरसावून मागच्या अंगणात जायची आणि कुंड्यांवरच्या लोखंडी कमानींवर काळं जाड कापड ओढायची. बाहेर लख्ख ऊन, पोरं रस्त्यात चेंडू खेळतायत, आणि इथे शेवंतीची रात्र झालेली. सकाळी कापड काढलं की तिचा दिवस सुरू. शेवंती कळी धरते ती दिवस आखडले, रात्री लांबल्या की. मावशी तिला भर उन्हाळ्यात लांब रात्र दाखवायची आणि ती बिचारी फसायची. इतर कुणाकडे शेवंती नसताना मावशीच्या अंगणात पांढऱ्या फुलांमुळे पाऊल ठेवायला जागा नसे. ही विद्या तिला सासूकडून मिळाली होती आणि ‘अंधारमावशी’ हे नाव भाचीकडून. पुढे सगळी गल्लीच ते नाव घेऊ लागली. नवराही घ्यायचा, पण ती ऐकण्याच्या टप्प्यात नसताना.

मावशीला एक खोड होती. समोरचा चुकीचं बोलला की तिला राहवत नसे. दवाखान्याच्या रांगेत ताप अंगात असतानाही ती लोकांना सुधारत बसे.

भाची लहान असताना एकदा म्हणाली, “मावशी, सूर्य थकतो म्हणून दिवस लहान होतात ना?” झालं. मावशीने लिंबू घेतलं, त्यात विणकामाची सुई खुपसली आणि ते तिरकं धरून अंगणातल्या शेडमधल्या दिव्याभोवती फिरायला लागली.

“हे बघ. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून दिवस आणि रात्र. आणि अशी दिव्याभोवतीही फिरते, पण कलायची बाजू सोडत नाही. इथे असताना आपला भाग दिव्याकडे झुकलेला, दिवस मोठा. पलीकडे गेली की तोच भाग दिव्यापासून लांब झुकलेला, दिवस लहान. थकतबिकत कुणी नाही. पृथ्वी वेळेची पक्की आहे, तुझ्या काकांच्या बससारखी नाही.”

बस चालवणारे काका, म्हणजे मावशीचा नवरा, दारातच उभे होते. त्यांनी हातातलं घड्याळ बघितलं.

त्याच भाचीचं लग्न ठरलं, ऐन उन्हाळ्यात. मावशीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “हॉलमध्ये पांढरी शेवंती माझी. बाजारचं एक फूल दिसलं तर मी जेवायची नाही.” लेकरू नसलेल्या मावशीचा या पोरीवर केवढा जीव होता, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी हरकत घेतली नाही.

आणि त्या वर्षी शेवंती अडून बसली. वाटाण्याएवढ्या कळ्या दिसायला हव्यात, तेव्हा शेंडे नुसते हिरवेगार.

“अगं, हवामान बदललंय म्हणतात,” काका म्हणाले.

“हवा बदलली असेल. पृथ्वीचा कल बदललाय का? दिवस होते तेवढेच आहेत. शेवंती रात्रीची लांबी बघते आणि रात्र मी देते. कुठून तरी उजेड शिरतोय.”

तिने कापडाला ठिगळं लावली. तेवढ्याने भागेना, तेव्हा तिचा डोळा शेजारच्या कुलूपवाल्याच्या ओसरीतल्या दिव्यावर गेला. त्याला न विचारता तिने दिव्यावर पोतं बांधलं. तो तावातावाने बाहेर आला.

“तुमच्या दिव्याने माझी फुलं जागी राहतात!” मावशी कडाडली.

“ताई, उद्या चंद्रालाही पोतं बांधाल!”

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

शेवटी एका संध्याकाळी, उजेड शिरतो कुठून ते बघायलाच, मावशी कुंड्यांच्या मधोमध जाऊन बसली आणि काकांना कापड टाकायला लावलं.

“दिसतंय का काही?” काकांनी बाहेरून विचारलं.

काही दिसत नव्हतं. अंधार चोख होता. पण तिचा जीव घाबरा झाला, कानामागून घामाच्या धारा लागल्या. तिने कुंडीतल्या मातीला हात लावला. माती गरम होती.

“अहो, उचला! उचला आधी!”

बाहेर येऊन ती पायरीवर बसली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, “माझं चुकलं.”

काका तिच्या शेजारी बसले. “परत एकदा म्हण.”

“एकदा म्हटलं ना.” मग तिनेच उलगडून सांगितलं. “सासूबाईंच्या वेळी चहानंतर वारा सुटायचा. आता ती वेळ नुसती भट्टी असते, आणि मी तेव्हाच कापड ओढून दिवसभराची धग आत कोंडते. रात्र लांब मिळाली तरी एवढ्या उकाड्यात ती कळी धरेल कशी? बातम्यांत सांगतात ना, आपल्या धुराचं पांघरूण पृथ्वीवर बसलंय, उष्णता बाहेर जाऊ देत नाही. वर ते, आणि त्याच्याखाली हे माझं. कल आहे तस्साच आहे हो. पांघरुणं आपण वाढवली.”

हातपाय गाळणारी बाई ती नव्हे. दुसऱ्या दिवसापासून तिने शेवंतीची रात्रच सरकवली. ऊन मावळून हवा निवली की कापड ओढायचं आणि सकाळी उशिरापर्यंत तसंच ठेवायचं. रात्र तेवढीच लांब, फक्त गार वेळेतली. कळ्या धरल्या. पण गेलेले दिवस थोडेच परत येणार होते? लग्न तोंडावर आलं तेव्हा कळ्यांच्या टोकाला जेमतेम पांढरं दिसू लागलं होतं.

मावशीने भाचीला बोलावून कुंड्यांपाशी नेलं. “शब्द दिला होता, पाळता आला नाही. तू बाजारची फुलं घे.” एवढं बोलून तिने तोंड फिरवलं. तिला रडू आवरेना.

भाची वाकून कळ्या बघत होती. “आता कापड काढलं तर या रुसतील?”

“छे. एकदा पांढरं दिसलं की रात्र लहान असो, मोठी असो, ती फुलणारच.”

“मग मला याच हव्यात. टेबलाटेबलावर एकेक कुंडी ठेवू, आणि जाताना ज्याने त्याने घरी न्यायची. पृथ्वी चार गिरक्या घेईल, तेवढ्यात उमलतील.”

“आठ-दहा,” मावशी डोळे पुसत म्हणाली.

लग्न थाटात झालं आणि मावशी पोटभर जेवली. कुंड्या घरोघरी गेल्या. पुढच्या आठवड्याच्या शेवटी एका रात्री ती काकांबरोबर पाय मोकळे करायला निघाली, तर खिडक्याखिडक्यांत पांढरी शेवंती उमललेली. कुलूपवाल्याच्या ओसरीत मात्र मिट्ट काळोख होता. पायरीवर तो एकटाच बसला होता आणि शेजारी लग्नातून आणलेली त्याची कुंडी.

“दिवा गेला का हो भाऊ?” मावशीने आपण होऊन विचारलं.

“नाही ताई, कुंडी आणल्यापासून लावतच नाही. तुम्ही म्हणाला होतात ना, उजेडाने ती जागी राहते.”

काकांनी बायकोकडे बघितलं. आता ती त्याला सुधारणार, याची त्यांना खात्री होती. मावशीने तोंड उघडलं, कुंडीतल्या टपोऱ्या फुलांकडे पाहिलं आणि ती अंधारात त्याच्या पायरीवर बसली.

“छान सांभाळलंत हो,” ती म्हणाली.