भट्टीतून पडलेला पार्ट

"ही आमची बाई नाय," म्हातारा म्हणाला आणि राखेची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

मी पोह्यांची प्लेट बाजूला सारली. लोक मला विचारतात, स्मशानात बसून तुला खाणं जातं का. जातं. पोटाला पत्ता कळत नाय.

म्हाताऱ्याचं नाव निवृत्तीबाबा. मातोरीकडचे शेतकरी, दोडकी-कारली पिकवून नाशिकच्या मार्केटला आणणारे. मागं त्यांचा पोरगा संपत उभा होता. आदल्या दिवशी सकाळी संपतच्या आईला, सोनाबाईंना, ते आमच्याकडं घेऊन आले होते.

आमच्याकडं म्हणजे स्मशानभूमीत. मी इलेक्ट्रिकची भट्टी चालवतो. शाळा मी फक्त बाहेरून बघितलेली हाय, पण कागदावर मी ऑपरेटर. बाकी सगळ्यांना बाळू.

बाबांना लाकडावरच करायचं होतं. संपत म्हणाला, मशीनवर करू, लवकर होतं, धूर नाय. यावरून गेटवरच बापलेकांचं वाजलं होतं आणि पोरगा जिंकला होता. आता तो जिंकलेला पोरगा स्वतःच्या चपलांकडं बघत उभा होता.

"काय झालं बाबा?" मी विचारलं.

"रामकुंडावर गेलो व्हतो अस्थी सोडायला. गुरुजी बोलले, पिशवी सोडा. मी हात घालून चाचपली. तिच्या खुब्यात लोखंड व्हतं. पडली व्हती ना ती मागं, तव्हा ऑपरेशन करून बसवलं. ते हिच्यात नाय. म्हंजी ही ती नाय."

"नाना, हळू बोला," संपत म्हणाला.

"हळू बोलून ती सापडती का? आरं, मी गंगेत कोणाची बाई सोडू? आन माझी कुठं गेली?"

गंगा म्हणजे आमची गोदावरी. आमच्याकडची माणसं मानतात की रामकुंडात अस्थी टाकली की ती पाण्यात विरून जाते, माणूस मोकळा होतो. पण ज्याची टाकायची त्याचीच टाकली पाहिजे ना. बाबांचा प्रश्न बरोबर होता. आणि राख अदलाबदल झाली असं वर कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मी पण मोकळा झालो असतो, नोकरीतून.

मंग मी माझं नेहमीचं केलं. माहीत नसताना माहिती दिली.

"बाबा, मशीनमध्ये हीट लय असते. ते लोखंड वितळून गेलं असणार."

बाबांनी दारातनं भट्टीकडं बघितलं आणि म्हणाले, "तुझ्या मशीनची जाळी कशाची हाय?"

"लोखंडाची."

"ती का नाय वितळली?"

मी विषय बदलला. "हे बघा, काल मशीनवर सोनाबाई एकट्याच होत्या. एकाची राख खालच्या ट्रेमध्ये ओढून काढल्याशिवाय मी दुसऱ्याला आत घेत नाय. आणि काल तर मी दुसऱ्या कोणाला आत घेतलंच नाय. त्यांच्यानंतर मशीन बंदच पडलं."

"का बंद पडलं?" संपतनं विचारलं.

"पार्ट निघाला मशीनचा."

आता पार्टचं सांगतो. आदल्या दुपारी भट्टी गार झाल्यावर मी लांब दांड्याच्या खोऱ्यानं राख ओढत होतो तर ट्रेमध्ये टण्ण वाजलं. बघतो तर एक काळपट वस्तू. मी राखेवरून नेहमी लोहचुंबक फिरवतो, कारण तिरडीचे खिळे, पिना असलं काय काय असतं आणि ते घरच्यांच्या हाताला लागायला नको. या वस्तूला चुंबक चिकटंना. मी विचार केला, खिळा नाय, पिन नाय, मंग काय? भट्टीचाच पार्ट. कुठला तरी भारी मेटलचा. सरळ मशीन बंद केलं आणि आमच्या सुपरवायझर आहेर साहेबांना फोन लावला.

साहेब म्हणाले, "नक्की मशीनचाच आहे?"

मी म्हणालो, "साहेब, या मशीनचा नट न् नट मला ओळखतो."

साहेबांनी मशीन बंदची पाटी लावायला सांगितली. अंबडच्या एमआयडीसीतून मेकॅनिक सलीमभाई आले. त्यांनी वस्तू उलटी केली, सुलटी केली. म्हणाले, "बाळूभाऊ, ये मेरे मशीन का नहीं है." मी त्यांच्याशी अर्धा तास भांडलो. शेवटी ते कंटाळून वस्तू पिशवीत टाकून वर्कशॉपला घेऊन गेले. त्या दिवशी जे जे मशीनसाठी आले त्यांना मी लाकडावर पाठवलं आणि वर सांगितलं, थोडक्यात वाचलो, अजून एकदा चालवलं असतं तर भट्टी बसली असती.

हे सगळं मी बाबांना पण रंगवून सांगितलं. बाबा ऐकत होते.

"कसला पार्ट?" त्यांनी विचारलं.

"हा एवढा गोळा," मी मूठ दाखवली, "आणि त्याला असा वाकडा दांडा. खाली निमुळता."

"दांड्याला दोन भोकं?"

"हो. लांबुळकी," मी म्हणालो. "तुम्हाला कसं माहीत? तुम्ही मशीन लाइनला होता का?"

बाबा माझ्याकडं बघत राहिले. संपतनं कपाळाला हात लावला. माझ्या डोक्यात तरी उजेड पडला नव्हता. बाबांनी स्वतःच्या खुब्यावर हात ठेवला, तिथून मांडीवर खाली ओढत नेला आणि म्हणाले, "इथं गोळा. इथं दांडा. डॉक्टरनं मला दाखवलं व्हतं बसवायच्या आधी. मी इचारलं, भोकं कशापायी? तो बोलला, हाड वाढून त्यातनं जातं, मंग पकड बसते. मी बोललो, म्हंजी वेल जाळीतनं जातो तसं. तो बोलला, तसंच."

मला घाम फुटला. भट्टी बंद असताना.

सलीमभाईंना फोन लावला. "ते कालचं कुठंय?"

"लेथवाले टर्नर के पास. ड्रॉइंग में कहीं नहीं मिला. पण तुम्ही एवढं बोलला म्हणून मालक म्हणाले, सेम टू सेम नवीन बनवून देऊ."

"नवीन? बसवणार कुठं?"

"बाळूभाऊ सांगतील तिथं, असं ठरलंय."

"सलीमभाई, त्याला हात लावू नका."

"हात कशाला, टर्नर कापतोय. अंदर से भरीव आहे का पोकळ, बघायला."

"थांबवा. माणसातलं हाय ते."

पलीकडं सलीमभाई कोणाला तरी ओरडले आणि फोन कट.

संपतच्या भाजीच्या पिकअपमध्ये आम्ही तिघं पुढंच बसलो. मध्ये बाबा, त्यांच्या मांडीवर पिशवी. पिशवी धरली होती पण जवळ घेतली नव्हती. परक्याचं लेकरू मांडीवर घेतात तशी धरली होती. ते बघून मी गप्प बसलो, आणि मी गप्प बसलेला माझ्या बायकोनं पण बघितलेला नाय.

सिग्नलला संपत बोलला. बोलत माझ्याशी होता पण बघत समोर होता. "राख एवढीच कशी हो राहती? आई तर चांगली अंगानं होती."

"अंगानं कोण कसा का असंना, पाणी उडून जातं, मांस जळून जातं. राहतं ते हाडाचं. पैलवान असला तरी मडक्यात बसतो."

"आणि आधीच्या माणसाची राख मिसळत नाय?"

"ट्रे वेगळा असतो. पण कोपऱ्याबिपऱ्यात चिमूटभर राहत असंल. खोटं कशाला बोलू. लाकडावर पण वारा असतोच ना."

"पेसमेकर असला तर?"

"तो आधी काढून आणायचा. हॉस्पिटलवाले काढून देतात. आत राहिला तर फुटतो. एकदा फुटला होता, मी स्टुलावरून खाली."

संपत जरा हसला. मंग बापाकडं तिरका बघत म्हणाला, "सगळी रामकुंडातच सोडायची का? थोडी शेतात टाकली तर चालतं?"

"लोक टाकतात. कोणी झाड लावतं, आंबा, जांभूळ. पण रोपाच्या मुळाशी सगळी ओतायची नाय. मागं एकानं ओतली आणि रोप जळालं, मंग मला येऊन विचारतो, वडील नाराज हायेत का."

बाबा पहिल्यांदा बोलले. "खारट असती ती. मातीत कालवून लांब पसरायची. एवढं कळत नाय व्हय लोकांना."

मला बरं वाटलं म्हणून मी अजून पुढं गेलो. "आता तर बाबा, राखेपासून खडा बनवून देणाऱ्या कंपन्या हायेत म्हणतात. हिऱ्यासारखा. अंगठीत घालायचा."

"जिवंतपणी तिला अंगठी नाय केली मी," बाबा म्हणाले. "आता तिचीच अंगठी करू?"

संपतनं गाडी अंबडकडं वळवली.

वर्कशॉपमध्ये मशीनं बंद करून ठेवली होती. सलीमभाई दारात उभे. ती वस्तू त्यांनी धुतली होती आणि टेबलावर नव्या कपड्यावर ठेवली होती. दांड्यावर टर्नरनं कापायला लाल पेन्सिलची खूण केली होती ती तेवढी दिसत होती. गोळ्याच्या बाजूला ब्लेडचा एक बारीक ओरखडा.

बाबांच्या हातात पिशवी. राखेची पिशवी कोणाच्या जागेत न्यायची नाय असं आपल्यात असतं, म्हणून बाबा उंबऱ्याबाहेरच थांबले. सलीमभाईंना कळलं. त्यांनी टेबलच उचललं आणि टर्नरला घेऊन बाहेर आणलं, लिंबाच्या सावलीत.

"बघा बाबा."

बाबांनी पिशवी टेबलावर टेकवली आणि वस्तू उचलली. उलटी केली. भोकांमधनं करंगळी घालून बघितली. पहिल्या भोकात गेली, दुसऱ्यात पण गेली. मी मनात म्हणत होतो, हो म्हणा बाबा, नाय म्हणालात तर मी कुठं जाऊ.

"हेच," बाबा म्हणाले.

"नक्की ना?" मी विचारलं.

"डॉक्टरकडं करंगळी घातली व्हती मी. तो वरडला व्हता, हात नका लावू म्हणून."

मंग त्यांनी ते खाली ठेवलं, पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि छातीशी धरली. आत्ता धरली. आणि इतका वेळ न रडलेला माणूस तिथं रडला, अंबडच्या वर्कशॉपसमोर, ऑइलचे डाग पडलेल्या फरशीवर उभा राहून. संपत पाठीवर हात ठेवून उभा होता. सलीमभाईंनी टोपी नीट केली आणि टर्नरला पाणी आणायला पाठवलं.

पाणी पिऊन बाबांनी डोळे पुसले. "चल संप्या. गुरुजी थांबले असतील."

संपतनं ती वस्तू कपड्यात गुंडाळायला घेतली. "घरी ठेवू नाना. आईची आठवण."

"ठेव खाली."

"अहो, याच्यासाठी तर एवढं फिरलो आपण."

"मला लोखंड नको व्हतं. हिच्यात तीच हाय का, एवढं बघायचं व्हतं." बाबांनी पिशवीवर हात ठेवला. "थंडीत लय दुखायचं तिला त्यानं. रात रात मीठ भाजून शेकायचो मी. कंटाळली व्हती. म्हणायची, हे काढा माझ्यातनं. निघालं आता. परत तिच्या गळ्यात कशाला बांधू?"

"मग याचं करू काय?" मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुझ्या मशीनला बसव."

सलीमभाई तोंड फिरवून हसले. मी पण हसलो, मला हसायलाच पाहिजे होतं.

बापलेक तिथूनच रामकुंडावर गेले. संपतनं नंतर सांगितलं की बाबांनी एक मूठ मागं ठेवली होती, ती दोडक्याच्या मांडवाच्या कडेनं मातीत कालवून पसरली. पुढं मला त्यांनी त्याच मांडवाची दोडकी पाठवली. कुठल्या मांडवाची ते घरी न सांगता मी खाल्ली.

त्याच दिवशी संध्याकाळी आहेर साहेब आले. मी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "बाळू, नट न् नट तुला ओळखतो ना?"

"हो साहेब."

"मग त्यांनाच विचारत जा."

दुसऱ्या दिवशी मशीन चालू झालं. त्याला काहीच झालेलं नव्हतं. ती वस्तू साहेबांनी ठेवून घेतली. असले तुकडे ज्यांना नको असतात त्यांचे वेगळ्या डब्यात साठवतात, मंग ते वितळवून परत वापरात जातात. गुडघ्याच्या वाट्या, प्लेटा, स्क्रू. डबा उघडला की कळतं, माणूस आजकाल किती ठिकाणी रिपेअर झालेला असतो.

साहेबांनी नवीन नियम केला. आत घ्यायच्या आधी ऑपरेटरनं घरच्यांना विचारायचं, अंगात रॉड, प्लेट, स्क्रू, पेसमेकर काय हाय का, आणि मिळालं तर परत पाहिजे का. पहिल्याच दिवशी मी विचारलं तर त्या घरचे जावई माझ्यावर धावून आले. म्हणाले, इथं माणूस गेलाय आणि तुम्ही भंगार विचारताय.

मी त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं आणि हा सगळा किस्सा सांगितला. ऐकून ते शांत झाले. म्हणाले, "सासऱ्यांच्या दंडात प्लेट आहे. चार स्क्रू." मंग म्हणाले, "मशीनचं काही निघालं तर ओळखाल ना?"

आता भट्टीतून काहीही पडलं की मी आधी घरच्यांना फोन करतो. मेकॅनिकला नाय. मेकॅनिक तसाही माझा फोन उचलत नाय.