चारशे बारा नंबरचा कान

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. सकाळी पाणी पंचवीस मिनिटे. गयाबाई आली नाही, भांडी स्वतः घासली. दुपारी अंबरनाथच्या बुवापाड्यातून प्रीती नावाची बाई रेडिओ घेऊन आली. बटणे खोटी. हात चार वेळा साबणाने धुतले, वास जात नाही.

एवढे लिहून इंदुबाईंनी पेनाला टोपण लावले आणि पाचव्यांदा हात धुवायला उठल्या.

बदलापूर गावातल्या इंदुबाईंना घाणीचे वावडे आहे असे कोणी म्हटले असते, तर त्यांचे काम माहीत असणारा हसला असता. त्यांचे कामच घाणीत होते. त्यांचे यजमान, आण्णा, जुने रेडिओ दुरुस्त करायचे. आतले सगळे आण्णांकडे, बाहेरची बटणे इंदुबाईंकडे. बटणांना आण्णा रेडिओचे कान म्हणत. "कॉन्व्हेंटात दर सोमवारी सिस्टर हिचे कान तपासायच्या, त्याचा सूड ही रेडिओवर उगवते," असे ते गिऱ्हाइकांना सांगत. आण्णांना जाऊन नऊ वर्षे झाली तरी कान येत राहिले.

बटणांवरच्या बारीक रेघांत कोणाकोणाच्या बोटांचा मळ बसलेला असे. खोबरेल तेल, तपकीर, उदबत्तीची काजळी, कधी झुरळाची अंडीसुद्धा. सगळ्याचा मिळून एक काळा, चिकट लगदा. इंदुबाई नाकाला पदर लावून बांबूच्या काडीने एकेक रेघ मोकळी करीत. दर्शनी बाजूला सुई लावली की ओरखडा उठतो, पाण्यात भिजत ठेवले की बटण पांढरे पडते. पितळी कडी अलगद काढून चिंचेने वेगळी घासायची, मग रेघांत पांढरा रंग भरायचा. उडालेला टवका मात्र बुजवायचा नाही, हा आण्णांचा नियम. शेवटी बटणाच्या पाठीमागे सुईने अनुक्रमांक कोरायचा आणि त्याच आकड्याखाली डायरीत सगळी हकीकत लिहायची.

प्रीतीने तो रेडिओ सासऱ्यांसाठी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून घेतला होता, धर्मेशच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून. गेली चार वर्षे इंदुबाईंकडे बटणे पाठवणारा तोच धर्मेश.

"काकू, आमचे मामंजी बातम्या ऐकत जेवतात," ती म्हणाली. "परवा भातावर काळी बोटं उठली. मला वाटलं, तव्याला हात लावला. दुकानदार म्हणतो, बदलापूरच्या आजींचं काम आहे, गॅरंटी."

इंदुबाईंनी एक बटण उपसून नखाने खरवडले. बूटपॉलिश निघाले. त्याखाली डिंक, डिंकात चहाची भुकटी आणि कुठल्या तरी केरसुणीची धूळ. धुळीत एक केस होता. माणसांच्या हातांचा मळ त्यांनी जन्मभर काढला होता. तो किळसवाणा खरा, पण आपसूक आलेला. हा कोणीतरी बसून ब्रशने लावला होता.

पाठ बघितली, तर त्यांच्याच अक्षरात ४१२. दुसरे उपसले, ४१२. तिसरे आणि चौथेही तेच.

त्यांनी डायरी काढली. चारशे बारा एकच होते. 'जर्मन रेडिओ, स्टेशन लावायचे बटण. सातवी रेघ तुटकी, तशीच ठेवली.' समोरच्या चारही बटणांची सातवी रेघ तुटकी होती.

"तुम्ही नाही का केली?" प्रीतीने विचारले.

"एक केलं होतं. त्यावरून साचा काढलाय मेल्यांनी. ही इथेच ठेव, आणि मामंजींना लिंबू लावून हात धुवायला सांग."

गप्प बसावे, तर जिथे जिथे काळी बोटे पुसली जातील तिथे तिथे बदलापूरच्या आजीचा उद्धार होणार. बोलावे, तर कान यायचे बंद होणार, आणि मग सकाळी चहा झाल्यावर करायचे काय? बुधवारी सकाळी त्यांनी डायरी, सुई आणि चार बटणे पिशवीत घातली आणि कॅम्प दोन गाठले.

दुकानात दोन गिऱ्हाइके होती. गल्ल्याशेजारच्या ताटलीत अठरा बटणे मांडलेली, आणि खाली पॉलिशची डबी उघडीच.

"या आजी. चहा सांगू?"

"तुझा चहा काल पाहिला मी. बटणावर."

धर्मेश हसला. "टेन्शन कशाला घेता? लोकांना पुराना लुक पाहिजे. तुम्ही एवढं चकाचक करता, कस्टमर बोलतो नवीन आहे. आणि नाव तर तुमचंच होतंय ना मार्केटमध्ये."

"म्हणून माझा आकडाही उठवलास?"

"तो तुमचा आहे? मला वाटलं कंपनीचा. कारागिराला मुद्दाम बोललो, नंबर एकदम साफ आला पाहिजे."

"जर्मन कंपनी मराठीत आकडे घालते होय रे?"

एक गिऱ्हाईक फिसकन हसले. धर्मेशने आवाज खाली आणला. "ऐका तरी. तुमच्या हाताला वळण आहे. साच्यातली बटणं तुम्हीच जुनी करून द्या. घरबसल्या काम. पॉलिश मी पाठवतो."

जुनी करून द्या. पन्नास वर्षे लोक त्यांना नवे करून द्या म्हणत आले होते. घासात केस यावा तसे इंदुबाईंना झाले.

त्यांनी स्टूल ओढले, ताटली मांडीवर घेतली, सुई काढली आणि पहिल्या बटणाच्या पाठीवर ४१२ च्या खाली कोरले: नक्कल.

"आजी, काय करता?"

"नोंद अर्धवट आहे. पुरी करते."

पंचाहत्तरीच्या बाईचा हात भर बाजारात कोण धरणार? गिऱ्हाइके एकेक बटण उलटून वाचू लागली. अठरा झाली, मग पिशवीतली चार. "आता खरं काढ," त्या म्हणाल्या. धर्मेशने खणातून ते काढले. रबराच्या साच्यात अजून अर्धे रुतलेले होते.

"हे प्रीतीच्या रेडिओला जाईल. आणि उद्यापासून माझ्याकडे काही पाठवू नकोस."

"मग घरी बसून काय करणार, आजी?"

इंदुबाईंनी बटण साच्यातून सोडवून चार नकलांशेजारी पिशवीत टाकले.

बुवापाड्यात प्रीतीच्या मोरीवर बसून त्यांनी तीन नकली बटणांचे पॉलिश खरवडून काढले, चौथ्या जागी खरे बसवले आणि सगळा प्रकार सांगितला. प्रीतीने ऐकून घेतले. "चालतंय की काकू," ती म्हणाली. "वाजतो ना, झालं. तुम्ही उगाच एवढा त्रास घेतलात."

इंदुबाईंनी तिचा चहा नको म्हटले.

संध्याकाळी त्यांनी डायरी उघडली. ४१२ च्या नोंदीपुढे 'परत' असे लिहिले. पुढचा आकडा घालायचा नव्हता. खाली थोडी जागा उरली होती, तिथे लिहिले: ताक आंबट निघाले, कढी केली.